अर्धलीचं झाड

यशोदाबाईच्या लेकीचं, राधिकाचं, लग्न सत्त्याण्णव सालच्या वैशाखात झालं. मांडवाच्या मेढी अजून अंगणातून उपटल्या नव्हत्या, तेवढ्यात यशोदाबाईच्या दारात ते झाड आलं. ऑफिसच्या जीपमधून आलं. डांबराचं पिंप मधोमध कापून, त्याला हिरवा रंग देऊन त्यात लावलेलं. दोघांनी ते धरून खाली उतरवलं आणि यशोदाबाईचा लेक परमेश्वर नुसता 'हळू, हळू' करत त्यांच्या मागंपुढं नाचला. बहीण सासरी निघाली तेव्हाही तो इतका हळवा झाला नव्हता.

यशोदाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिचं डोकं आधीच तापलेलं होतं. लग्नाची हळद उतरायच्या आत घरची मेंढरं विकली गेली होती. कळमनुरीच्या आसपास चराईला जागा उरली नव्हती हे खरं. जिथं पडीक होतं तिथं सोयाबीन आलं, नुसत्या बांधावरून कळप नेला तरी लोक काठ्या घेऊन धावत. पण परमेश्वराचं म्हणणं वेगळंच होतं. तो एका सरकारी ऑफिसात शिपाई होता. बापानं मेंढरांमागं हिंडावं आणि ते आपल्या साहेबानं जीपमधून बघावं, याची त्याला लाज वाटायची.

व्यापाऱ्याचा टेम्पो मेंढरं भरून गेला त्या दिवशी त्याचा बाप रखमाजी बाजेवर पडला तो पडलाच. ताप नाही, खोकला नाही. ऊठ म्हटलं की उठायचा, जेव म्हटलं की चतकोर भाकरी चावायचा आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करायचा. जन्मभर पहाटे कळपाआधी जागा होणारा माणूस, आता दुपार झाली तरी त्याच्या अंगावरचं घोंगडं निघत नव्हतं. यशोदाबाई त्याच्याकडं बघायची आणि तिला राग यायचा. तिचं सगळं दुःख रागाच्याच वाटेनं बाहेर यायचं.

"काय हाय हे?" तिनं विचारलं.

"लोकाट. फळझाड हाय, माय."

"कोणाचं?"

"मॅडमचं. साहेबाच्या बायकोचं. त्यांच्या माहेराहून आणलेलं, डेहराडूनहून. साहेबाची बदली झाली नागपूरला. तिथं तिसऱ्या मजल्यावर क्वार्टर भेटलं, झाड ठेवायला जागा न्हाई. म्हणल्या, परमेश्वर, तू सांभाळ, आमचं घर झालं की घेऊन जाऊ."

"आन तू व्हय म्हणला."

"मंग काय न्हाई म्हणू?"

"न्हाई म्हणायला तुझी जीभ कवा वळली रे? बापाच्या मेंढरांना जागा न्हवती. साहेबाच्या झाडाला बरी भेटली जागा!"

शेजारची रूपाबाई कुडावरून डोकावून हसली. "अगं यशोदे, राख की. मेंढी कुणाच्या पिकात तोंड घालती म्हणून भांडणं व्हायची. ह्याला तर पायच न्हाईत."

"राखीन," यशोदाबाई म्हणाली. "पण बोली काय? फुकट, का अर्धलीनं?"

धनगराच्या घरात ही बोली तान्ह्या लेकरालाही ठाऊक असते. दुसऱ्याची मेंढी आपल्या कळपात राखायची तर ती अर्धलीनं. मेंढी मालकाची, राखण आपली, होणारी कोकरं निम्मी निम्मी. कागद नाही, अंगठा नाही. तिसऱ्या माणसासमोर शब्द गेला की झालं.

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. परमेश्वर एक पाय जीपमध्ये टाकून म्हणाला, "व्हय माय, अर्धलीनं समज. पण पाणी घाल त्याला. माती सुकली की घालायचं, चिखल करायचा न्हाई. दुपारचं ऊन लागू द्यायचं न्हाई. आन जमिनीत लावू नको, मॅडमनी तसंच परत मागितलंय."

रडणाऱ्या पोराला गूळ द्यावा तसा त्यानं आईला तो शब्द दिला आणि निघून गेला. यशोदाबाईनं मात्र तो गाठीला बांधला. घरात जाऊन तिनं गेरू कालवला. अर्धलीच्या मेंढीच्या पाठीवर जशी खूण करतात, तसा पिंपाला गेरूचा एक लाल पट्टा ओढला. झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं. बुंधा गुडघ्याएवढ्या उंचीवर दुभंगून दोन फांद्या झाल्या होत्या. पानं लांब, जाड, वरून कडक आणि खालून मऊ.

"बघ गं रूपा, तू साक्षी," ती म्हणाली.

"व्हय बाई, म्या ऐकलं," रूपाबाई म्हणाली, आणि चुलीवरचं उतू जात होतं म्हणून पळाली.

पहिलं वर्ष झाडाला फार वाईट गेलं आणि त्यात चूक यशोदाबाईचीच होती. मेंढरं बसवलेल्या रानात पीक कसं तरारून येतं हे तिनं जन्मभर पाहिलेलं. त्यासाठी शेतकरी हाताला धरून कळप आपल्या रानात नेत. मग झाडाला आणखी काय लागतं? घरी ठेवलेल्या दोन शेळ्यांच्या ताज्या लेंड्या तिनं पाटी भरून पिंपात ओतल्या आणि वरून पाणी सोडलं. रानात लेंडी पसरते, उन्हापावसात मुरते, तिची आग मातीत जिरते. पिंपात ती आग जाणार कुठं? काही दिवसांतच पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. मग एकेक पान गळायला लागलं.

परमेश्वर ऑफिसातून आला आणि अंगणातच ओरडला. "माय! मारलं का झाड? मॅडमला काय तोंड दाखवू म्या?"

"तुझ्या मॅडमचं झाड लई नाजूक हाय! आमच्या लेंडीवर अर्धा तालुका जेवला, आन ह्याला ती पचत न्हाई!"

"तुला सांगितलं होतं, नुसतं पाणी घाल!"

"नुसत्या पाण्यावर तू वाढला का रे?"

सून मोहिनी मध्ये पडली, "आत्याबाई, हळू बोला, लोकं ऐकून राहिले," तर तिलाही दोन शब्द ऐकावे लागले. भांडण ऐन रंगात असताना बाजेवरून आवाज आला. कित्येक आठवड्यांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता.

"वरची माती काढा," रखमाजी म्हणाला. "पोटात आग पडली त्याच्या. मेंढीनं कवळी जवारी खाल्ल्यावर तसं झालंय."

रखमाजी उठला, घोंगडं बाजूला सारलं आणि पिंपापाशी येऊन बसला. त्यानं दोन्ही हातांनी लेंड्या उपसल्या, नाल्याकाठची पोयट्याची माती आणायला लावली, पिंपाच्या बुडाला सळईनं आणखी भोकं पाडली. मग उरलेल्या पानांतलं एक पान त्यानं उलटं केलं. खालच्या बाजूला बारीक तांबूस लव होती. नव्या कोंबावर तर ती दाट होती, हाताला चिकटणारी.

"परमेसराची माय," तो म्हणाला, "ह्याला लोकर हाय."

"असंल," ती फणकारली आणि पाण्याची कळशी उचलायला आत गेली. आत जाऊन मात्र तिनं पदर तोंडात कोंबला.

त्या दिवसापासून रखमाजी उठायला लागला. उन्हाळ्यात कळमनुरीचं ऊन भिंतीसुद्धा फोडतं. तर त्यानं गॅरेजवाल्याकडून जुन्या बेअरिंगा मागून आणल्या, फळीला ठोकल्या, ओढायला दोर बांधला आणि पिंप त्या गाड्यावर चढवलं. सकाळी झाड कोवळ्या उन्हात, ऊन चढलं की भिंतीच्या सावलीला, सावली सरकली की झाड सरकवायचं. कळप जसा लिंबाच्या सावलीला फिरवायचा तसा तो झाड फिरवायचा. गाडा फरशीवर खडखडायचा आणि रूपाबाई पलीकडून ओरडायची, "निघाली का रखमाजीभाऊ, मेंढरं?" रखमाजी हसायचा. भाकरी चतकोराची अर्धी झाली, मग एक. शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून त्यानं पिंपाभोवती बाभळीच्या फांद्यांचं कूड केलं. नव्याण्णव साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा झाड त्याच्या खांद्याला लागलं.

यशोदाबाई त्या झाडावर कधी हात फिरवायची नाही. येता-जाता शिव्या मात्र द्यायची. "खा, खा, माझ्या नवऱ्याच्या हातचं खा, साहेबाच्या घरच्या!" पण नळाला दोन-दोन दिवस पाणी यायचं नाही, तेव्हा स्वतःच्या अंघोळीचं पाणी तिनं झाडाला घातलं होतं. नवरा कशाच्या जोरावर उभा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो आधार आपल्या मालकीचा नाही, हेही ठाऊक होतं. म्हणूनच तिचा राग विझत नव्हता.

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर झाड पहिल्यांदा भरघोस फुललं. त्याआधी एकदा थोडं फूल येऊन गळून गेलं होतं. यंदा फांद्यांच्या शेंड्यांना तांबड्या लोकरीतून पांढरी फुलं फुटली आणि गोड वास कुडापलीकडं गेला. होळीच्या सुमाराला घोसाघोसांनी हिरवी फळं पिवळी पडायला लागली. रखमाजी दिवसभर पाखरं हाकायला झाडाखाली बसायचा. परमेश्वराच्या लेकरांनी हात लावला की म्हणायचा, "थांबा रं, अजून आंबट हाय. पाडव्याला खाऊ."

पाडव्याच्या आधीच टेम्पो आला.

साहेबांनी औरंगाबादला बंगला बांधला होता. मॅडम स्वतः आल्या होत्या. टेम्पोच्या पुढं बसून परमेश्वर, घर दाखवायला. मॅडम उतरल्या आणि झाड बघताच थबकल्या. मग धावत जाऊन त्यांनी एक घोस हातात घेतला.

"अरे देवा, फल लग गए! परमेश्वर, ये तो मेरी माँ के हाथ का पेड़ है!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रखमाजी उठून उभा राहिला होता. त्याला त्यांनी हात जोडले. "बाबा, तुम्ही खूप छान ठेवलं. थँक यू."

रखमाजीनं गाड्याचा दोर हातातून सोडला नाही. तो परमेश्वराकडं बघत होता.

"बा, दोर दे," परमेश्वर म्हणाला. "टेम्पोवाल्याला घाई हाय."

"थांब," यशोदाबाई घरातून बाहेर आली. हात पिठानं भरलेले. "मॅडम, बसा. पाणी घ्या. झाड तुमचं हाय, त्यात काय वाद न्हाई. पण अर्धली करा आन मंग न्या."

मॅडमना कळलं नाही. त्यांनी परमेश्वराकडं बघितलं. परमेश्वर कसनुसा हसला. "काही न्हाई मॅडम, माय जुनी माणूस हाय."

"जुनी हाय, मेली न्हाई! रूपे, ये गं हिकडं! सांग, ह्यानं बोली केली का न्हाई?"

रूपाबाई कुडापाशी आली. टेम्पो बघितला, मॅडमची साडी बघितली, परमेश्वराचे वटारलेले डोळे बघितले आणि पदर सावरत म्हणाली, "व्हय, म्या ऐकलं. अर्धलीनं म्हणला."

मॅडमना एवढंच समजलं की बाईला काहीतरी हवंय. त्यांनी पर्स उघडली. "बरोबर आहे मावशी. इतके वर्ष राखण केली. हे घ्या, मना मत कीजिए."

यशोदाबाईच्या अंगाला इंगळी डसल्यासारखं झालं.

"म्या काय रोजानं होते तुमच्याकडं? ठेवा ते! माझा माणूस मेल्यागत पडला होता. ह्या झाडासाठी उठला, ह्याच्यापायी जेवला. आन आता ते टेम्पोत घालून नेता, तर तो काय करील? पुन्हा भिंतीकडं तोंड करील! निम्मं माझं हाय. निम्मं ठेवून जा."

"झाड निम्मं कसं ठेवणार, मावशी?" मॅडमही आता चिडल्या. "ये मेरी माँ की निशानी है. आई गेली माझी. तुम्ही समजत का नाही?"

"तुमच्या मायनं एकदा लावलं. ह्यानं रोज जगवलं."

"माय, आत जा!" परमेश्वर दात खाऊन बोलला. "इज्जत काढून राहिली तू माझी. बा, सोड तो दोर!" आणि त्यानं बापाच्या हाताला हिसका दिला. रखमाजीचा तोल गेला, तो भिंतीला टेकला.

यशोदाबाई आत गेली. आढ्याला खोचून ठेवलेली कुऱ्हाड घेऊन आली, मेंढरांना पाला तोडायची, लांब दांड्याची. कुणाला काही कळायच्या आत तिनं दुभंगलेल्या बुंध्यापाशी पाय रोवला आणि उजव्या फांदीच्या मुळाशी घाव घातला. मॅडम किंचाळल्या. दुसरा घाव, तिसरा. फांदी फळांसकट कडाडून फरशीवर पडली.

"घ्या," ती धापा टाकत म्हणाली. "झाली अर्धली. आता न्या तुमचं."

"पागल है ये औरत," मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "बिलकुल पागल." त्या टेम्पोत जाऊन बसल्या आणि त्यांनी तोंड पदरात घेतलं. परमेश्वरानं आणि टेम्पोवाल्यानं उरलेलं झाड उचललं. एका बाजूनं भरलेलं, एका बाजूनं नागडं. गेरूचा पट्टा अजून पिंपावर होता, वर्षावर्षाला यशोदाबाईनं नवा केलेला.

जाताना परमेश्वर म्हणाला, "तोंड काळं केलंस माझं."

"तुझं तोंड कुणाला दिसतंय? सदा तर साहेबाच्या बुटाकडं असतंय!"

टेम्पो गेल्यावर यशोदाबाईनं अंगणात खड्डा खणला, फांदी त्यात उभी केली, माती दाबली, पाणी घातलं, ओलं पोतं गुंडाळलं. मालकाच्या मेंढीपासून आपलं कोकरू वेगळं केलं की ते दोन दिवस ओरडतं आणि मग चरायला लागतं. तिच्या मनात तेच होतं. रखमाजी भिंतीला टेकून बघत राहिला. मग म्हणाला, "परमेसराची माय, हे कोकरू न्हवं. तू मेंढीचा पाय तोडून ठेवून घेतला."

"मंग काय करायला पायजे होतं म्या? तुमच्यावानी भिंतीला टेकू?"

पण त्याचंच खरं झालं. पानं दुसऱ्याच दिवशी लोंबली, मग वाळून खुळखुळायला लागली. शेळ्यांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. यशोदाबाईनं फांदी उपटून चुलीत घातली, तर ती धुमसली नुसती, धड जळलीही नाही. त्या धुरानं घरातल्या सगळ्यांचे डोळे झोंबले. परमेश्वर पोळ्यापर्यंत आईशी बोलला नाही. तिनंही त्याला भाकरी वाढली ती तोंड फिरवून.

फळं तेवढी रखमाजीनं तोडून सुपात ठेवली होती. पाडव्याला एकेक लेकरांच्या हातावर ठेवलं. आंबटगोड होती. स्वतः त्यानं दोन खाल्ली, सावकाश. सगळ्यांच्या तोंडातल्या बिया मात्र त्यानं मागून घेतल्या. मोठ्या, चकचकीत, तपकिरी. डालड्याच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून त्यानं त्या पोयट्यात टोचल्या आणि डबे भिंतीच्या सावलीला ठेवले. ताज्या लेंडीची चिमूटसुद्धा घातली नाही.

काही बिया कुजल्या. काही मुंग्यांनी नेल्या. आषाढात कोंब आले, वरून तांबूस लोकर घेऊन. एक शेळीनं खाल्लं, तेव्हा यशोदाबाईनं शेळीला जी बडवली ती रूपाबाईनं मध्ये पडून सोडवली. पुढच्या होळीपर्यंत तीन रोपं तगली. रखमाजी सकाळी ती उन्हाला ठेवायचा, दुपारी सावलीला. आता गाडा लागत नव्हता. दोन हातांनी उचलायचा आणि तेवढ्यानंही त्याला दम लागायचा.

एक दिवस यशोदाबाई डब्यांपुढं उभी राहिली आणि तिनं परमेश्वराला हाक मारली.

"औरंगाबादची गाडी किती वाजता सुटती?"

"काहून?"

"ह्यातली दोन तुझ्या मॅडमला नेऊन दे."

रखमाजी बाजेवरून म्हणाला, "दोन काहून? तिघातलं एक दे. दोन आपल्याला राहू दे, परमेसराची माय."

"न्हाई. अर्धली मोडताना जोड बसली न्हाई तर वरचं उरलेलं एक मालकाचं. तुमीच तर सांगत होता ना कळपात? का आता झाडाला वेगळा कायदा?" तिचा आवाज चढला. "तिनं मला पागल म्हणलं तर म्हणू दे. चोर म्हणू द्यायची न्हाई म्या कुणाला. तिच्या मायचं झाड हाय. ने!"

"आन काय सांगू तिला?" परमेश्वरानं विचारलं.

"सांग, ताजं खत घालू नको. आन सांग, पुन्हा आमच्या दारात पर्स उघडू नको."

परमेश्वर दोन डबे मांडीवर घेऊन एसटीनं गेला. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मॅडमकडचं झाड नेलं त्याच उन्हाळ्यात वाळलं होतं. पिंप गच्चीवर रिकामं होतं, गेरूचा पट्टा तसाच. मॅडमनी डबे घेतले, खाली बसल्या, पानाची मागची बाजू अंगठ्यानं चोळत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, अर्धली म्हणजे काय रे? त्यानं सांगितलं.

"मंग काय म्हणली?"

"काही न्हाई. चहा दिला मला."

"आता इचारती!" यशोदाबाई कडाडली. "तवा कान कुठं गेले होते तिचे? आन तू, तू तवा सांगितलं असतं तर तुझी जीभ झडली असती का?"

परमेश्वरानं उरलेला तिसरा डबा उचलला, सावली सरकली होती म्हणून भिंतीकडं नेला आणि बापाच्या बाजेजवळ ठेवला. यशोदाबाईनं ते पाहिलं आणि पाणी आणायला आत गेली.

ते रोप पुढं मोठ्या कुंडीत लावलं. नव्या कुंडीला तिनं गेरूचा पट्टा ओढला नाही, कारण त्यात आता दुसऱ्या कुणाचा वाटा नव्हता. रखमाजी दोन हजार पाच सालच्या मार्गशीर्षात, सकाळी, कुंडी उन्हाला ठेवून आल्यावर बाजेवर टेकला आणि तिथंच वारला.